चार नंबर कोर्टावर बहिष्कार

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज भर कोर्टात माझी शोभा झाली. करणारी बाई या खुर्चीत बसून महिना झाला नसेल.

चार नंबर कोर्टात आलेली ही नवी न्यायाधीश नाल्यापलीकडच्या वस्तीतली. बाप कचऱ्याची गाडी चालवायचा म्हणे. म्हणे कशाला, ती स्वतःच सांगते, जणू पदक मिळालंय. आज तिच्यापुढे ताईची केस होती. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. बटणं, दोरे, लोकर, अस्तर विकते. तिचं दुकान आहे त्या इमारतीच्या मालकाला जागा रिकामी करून हवी आहे. अकरा वर्षं मी हा दावा थोपवून धरलाय. कसा? तारखा घेऊन. निकालच लागला नाही तर दुकान जाईल कसं? वकिली म्हणतात ती हीच.

नेहमीप्रमाणे उठलो आणि म्हणालो, "तारीख मिळावी." आधीचे साहेब मान वर न करता देऊन टाकायचे. ही म्हणाली, "कारण?"

कारण! केस पांढरे झाले या कोर्टात, मला कुणी कारण विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "वैयक्तिक अडचण." तिने फाईल मागे मागे चाळली आणि म्हणाली, "ही अडचण बरीच जुनी दिसते. तुमच्या अशिलांना हवी आहे का तारीख?" आणि मला ओलांडून थेट मागे बसलेल्या ताईला विचारलं. आमची ताई उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला छत दुरुस्त करून हवंय. लोकर भिजते."

सगळं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा.

पुढच्या तारखेला साक्ष होणार, वकील असो वा नसो, असा हुकूम झाला. घरी येऊन हिला सांगितलं तर ही म्हणते, "अहो, पण छत खरंच गळतंय की." बायको माझी आहे की न्यायखात्याची, कळत नाही.

काही लोक कुजबुजतात की त्या खुर्चीसाठी माझं नाव वर गेलं होतं. गेलं असेल. मला ते पद नकोच होतं. नको होतं म्हणजे नकोच होतं. पण आता म्हणे न्यायाधीशांत सगळ्या थरांतली माणसं हवीत. हवीत तर हवीत, त्यासाठी कायदा आधी यायला नको का?

६ फेब्रुवारी, गुरुवार

वकील संघाची तातडीची सभा घेतली. मी अध्यक्ष. ठराव मीच मांडला: चार नंबर कोर्टातील न्यायाधीश वकिलांची माफी मागत नाहीत तोवर संघाचा एकही सभासद, कोणत्याही कारणासाठी, त्या कोर्टात पाऊल टाकणार नाही.

पोपट मध्येच बोलला. हा आमचा सचिव. समोरच्याचं शेवटचं वाक्य परत म्हणतो म्हणून हे नाव. "कोणत्याही कारणासाठी?" मी म्हणालो, "कोणत्याही." "उंबऱ्यातही नाही?" "उंबऱ्यातही नाही." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या तरुण पोरींनी हात वर केले नाहीत, ते मी पाहून ठेवलंय. चहा चांगला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

दंडावर काळ्या फिती लावून आम्ही सगळे चार नंबरच्या बाहेर व्हरांड्यात बसलो. आत ती, तिचा कारकून, शिपाई आणि पक्षकार. पक्षकार बिचारे बावचळले. एक म्हातारा तीनदा बाहेर येऊन आपल्या वकिलाकडे बघून गेला. वकिलाने फितीकडे बोट दाखवलं.

दोन दिवसांत गुडघे टेकेल. लिहून ठेवतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गुडघे तर टेकले नाहीतच, उलट नवीनच खूळ काढलंय. वकील नसले की पक्षकारांना काही कळत नाही. एकेकाला त्याच्या केसबद्दल सल्ला देणं न्यायाधीशाला चालत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना मिळून कोर्ट कसं चालतं ते सांगायचं. मुख्य न्यायाधीशांनी परवानगीही दिली. फाटकावर कागद चिकटवलाय: "कोर्ट समजून घ्या. शनिवारी. सर्वांसाठी." सर्कस आल्यासारखा.

म्हटलं बघावं तरी किती माशा मारतायत. आत पाऊल टाकायचं नाही, म्हणून व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो. आत बसायला जागा नव्हती! भाजी विकणाऱ्या, रिक्षावाले, शाळेतल्या बाई, कपड्यांना इस्त्री करणारा, आणि पहिल्या बाकावर, मांडीवर विणकाम घेऊन, आमची ताई. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला दुकानाचा मालक. तोही मूळचा त्याच वस्तीतला. भंगाराच्या धंद्यात पैसा केला आणि इमारत घेतली. म्हणजे न्यायाधीश वस्तीची, वादी वस्तीचा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

वस्तीतलीच एक फटकळ बाई उठून म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्यातल्या. आता निकाल आमच्या बाजूने ना?"

मी कान टवकारले.

ती म्हणाली, "नाही. मी तुमच्या बाजूची असले, तर ज्याच्याशी तुमचं भांडण आहे त्याने कुठे जायचं? आणि उद्या त्याच्या बाजूचा कुणी इथे बसला, मग तुम्ही कुठे जाल?"

"मग तुम्ही तिथे बसून आमचा फायदा काय, डोंबल?"

सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, "पूर्वी एका खटल्यात साक्षीदार बाई म्हणाली, मी नळाच्या वेळेला पाहिलं. साहेबांनी विचारलं, किती वाजता? ती म्हणाली, नळाच्या वेळेला. साहेबांनी लिहिलं, हिला वेळ सांगता येत नाही, हिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. साहेब वाईट नव्हते. त्यांच्या घरी दिवसभर पाणी यायचं. आपल्याकडे नळ पहाटे येतो, आणि ती वेळ कुणीही चुकवत नाही, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. या खुर्चीत निरनिराळ्या घरांतली माणसं हवीत ती यासाठी. कायदा सगळ्यांना एकच. पण तुम्ही काय म्हणताय ते आधी कळायला तरी हवं."

ताईने विणकाम खाली ठेवलं होतं.

भाषण गोड आहे, नाही म्हणत नाही. तो खटला मला चांगला आठवतो. समोरच्या बाजूचा वकील मीच होतो. झकास जिंकलो होतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताई जेवायला आली होती. पहिला घास घ्यायच्या आत म्हणाली, "बाळ्या, माझ्या केसमध्ये आपलं म्हणणं काय आहे?"

जगात मला बाळ्या म्हणणारी ही एकच उरली आहे. मी म्हणालो, "तुला काय करायचंय? मी आहे ना."

"तू आहेस रे बाबा, पण म्हणणं काय आहे?"

"कायद्याचं आहे. तुला नाही कळायचं."

"मला वाचायला दे. कळलं नाही तर विचारीन."

ही शनिवारची शिकवणी! मी म्हणालो, फाईल ऑफिसात आहे. ती आहे म्हणा ऑफिसात, पण वर चार इतर फायली आहेत. मग ती म्हणाली, "सत्तावीसला तारीख आहे. तू आत येणार ना?"

मी ठराव समजावून सांगितला. वकिलांची इज्जत, संघाची एकजूट, सगळं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे माझं दुकान जायची वेळ आली तरी तू बाहेर बसणार."

"दुकान जाणार नाही. मी केस तिच्याकडून काढूनच घेतो."

"पण मला तिच्याकडेच हवी आहे. तिने मला विचारलं."

अकरा वर्षं फुकट केस चालवतोय, त्याचं हे फळ. ही स्वयंपाकघरातून बघत होती. मी पाणी प्यायलो आणि विषय बदलला. ताईला बदललेला विषय आवडला नाही, ते दिसत होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज तयार झाला. ताईच्या सह्या असलेले कोरे कागद माझ्या कपाटात होतेच. सगळ्याच अशिलांचे असतात. ऐन वेळी माणूस शोधत कुठे हिंडायचं? सगळे वकील ठेवतात. वर मजकूर बसवला.

खूप दिवसांनी मनासारखं लिहून झालं. "सदर न्यायाधीश व वादी हे एकाच वस्तीतील, एकाच थरातील असल्याने अर्जदार स्त्रीच्या मनात न्यायाच्या निष्पक्षतेविषयी रास्त भीती निर्माण झाली असून..." हे वाक्य पोपटाला वाचून दाखवलं. "रास्त भीती," तो म्हणाला. काय शब्द आहे!

माझ्या कारकुनाकडून दाखल केला. मी पाऊल टाकलं नाही. आता स्वतःविरुद्धचा अर्ज हातात घेऊन बाई काय करते बघायचंय. फेटाळला तर पक्षपाती, मान्य केला तर केस गेली दुसऱ्या कोर्टात, तिथे पुन्हा तारखा. दोन्हीकडून माझंच फावतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं लिहायचं नव्हतं, तरी लिहितोय.

व्हरांड्यात आम्ही पंधरा-वीस जण होतो. चार नंबरचं दार सताड उघडं होतं. ताईच्या केसचा पुकारा झाला. ती उभी राहिली, मालक उभा राहिला. बाई म्हणाली, "तुमच्या नावाने एक अर्ज आलाय. वाचून दाखवते." आणि शब्द न् शब्द वाचला, अजिबात आवाज न चढवता. एकाच वस्तीतील. एकाच थरातील. रास्त भीती.

वाचून अर्ज खाली ठेवला. मग विचारलं, "हे तुमचं म्हणणं आहे?"

ताई म्हणाली, "सही माझी आहे. बाकीचं मी आज पहिल्यांदा ऐकतेय."

"सही कधी केलीत?"

"वकीलपत्र दिलं तेव्हा. कोऱ्या कागदांवर. भाऊ म्हणाला, कर. मी केली." मग म्हणाली, "मला तुमची भीती वाटत नाही हो. आणि यांची तर मुळीच नाही, यांच्या मुलीचा स्वेटर मीच विणून दिलाय."

मालक खाली बघत होता. आपल्याला कुणी एकाच थरातला म्हणतं तेव्हा माणसाने काय करावं, त्याला सुचत नसावं.

बाई शिपायाला म्हणाली, "यांच्या वकिलांना पुकारा." शिपाई दारात आला आणि माझं नाव घेऊन ओरडला. मी त्याच्यापासून चार हातांवर, पाण्याच्या पिंपाशी उभा. त्याने माझ्याकडे बघत पुन्हा पुकारलं. सगळा व्हरांडा माझ्याकडे वळला. आत जाऊन दोन वाक्यांत गुंडाळलं असतं मी सगळं, तेवढी जीभ आहे माझ्याकडे. पण कोणत्याही कारणासाठी. उंबऱ्यातही नाही. पोपट कानाशी येऊन म्हणाला, "उंबऱ्यातही नाही, साहेब." त्याचा गळाच दाबावासा वाटला. तिसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा मी पिंपाचा नळ सोडून पाणी प्यायला लागलो.

आतून बाईचा आवाज आला, "हा अर्ज माझ्याविरुद्ध आहे. त्यावर मीच निर्णय देणं बरोबर नाही. तो मुख्य न्यायाधीशांकडे जाईल आणि ते सांगतील तसं होईल. तुम्हाला तो मागे घ्यायचा असेल तर तो तुमचा हक्क आहे. घाई नाही. विचार करून सांगा."

ताई म्हणाली, "मागे घेते. आणि वकीलही मागे घेते."

या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नीच बाई. मुद्दाम मोठ्याने वाचलं. स्वतःवरचे आरोप कुणी स्वतः वाचतं का? खालमानेने वरिष्ठांकडे पाठवून मोकळी झाली असती तर मीही मोकळा झालो असतो.

ऑफिसात गेलो नाही. ही जेवायला वाढून शेजारच्या खोलीत जाऊन बसली.

२ मार्च, रविवार

दार वाजलं. ताई. हातात कापडी पिशवी, पिशवीत कागद. वकील सोडायचा तर आधीच्या वकिलाची 'हरकत नाही' अशी सही लागते, ते कुणी सांगितलं हे विचारायची गरजच नव्हती.

"कुणाला घेतेस?" मी विचारलं.

"कुणाला नाही. मीच बोलणार. माझं दुकान, माझं छत, मला ठाऊक आहे सगळं."

"सही करणार नाही."

"बरं," म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन हिच्याबरोबर वाटाणे सोलत बसली. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. एकदा हसल्याही. मी वर्तमानपत्र वाचून संपवलं, मग परत वाचलं. वाटाणे संपले, ती उठली नाही.

शेवटी मीच आत गेलो. म्हणालो, "ताई, अगं, त्या मालकाने चांगला वकील उभा केला तर तुझी धूळधाण होईल. हरलीस तर?"

ती म्हणाली, "हरले तर का हरले ते कळेल. तुझ्याकडे केस अकरा वर्षं होती, मी जिंकतेय का हरतेय तेसुद्धा मला माहीत नव्हतं."

"मी दुकान वाचवलं तुझं!"

"वाचवलंस. पण बाळ्या, पाऊस आला की मी दर वेळी बादल्या लावत होते, आणि तू एकदाही वर मान करून छताकडे बघितलं नाहीस. माझ्या तोंडून त्या बाईला वस्तीची म्हणून शिवी दिलीस. माझ्या तोंडून! मी पुन्हा तिथे कुठल्या तोंडाने जाऊन बसायचं, याचा तरी विचार करायचास."

सही केली. पेन फेकलं तेही नीट फेकता आलं नाही, वाटाण्याच्या सालांत पडलं. हिने ते काढून पुसून ठेवलं.

१२ मार्च, बुधवार

बहिष्कार संपला. संपला म्हणजे मागच्या रांगेतल्या त्या पोरी सोमवारी फिती काढून सरळ आत गेल्या, मंगळवारी त्यांच्यामागून निम्मा संघ गेला, आणि आज पोपट. माफीबिफी कुणी मागितली नाही. आता चार नंबरच्या बाहेर मी एकटाच बसतो. शिपाई मला पाणी आणून देतो. मला त्याची कीव नकोय.

साक्षी झाल्या म्हणे. ताईने मालकाला स्वतः प्रश्न विचारले: "तुम्हाला दुकान कशासाठी हवंय?" तो म्हणाला, "मुलासाठी." "मुलगा परगावी नोकरीला आहे ना?" "हो." "परत येतोय का?" मालक म्हणाला, "नाही." संपलं. माझ्यासारख्याने यावर दोन वर्षं काढली असती.

२० मार्च, गुरुवार

निकाल. काळा कोट न घालता गेलो, साधा सदरा घालून सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. पाऊल टाकलं. कुणाला काय करायचंय.

बाईने निकाल सोप्या भाषेत वाचला, कीर्तनाला बसल्यासारखे लोक ऐकत होते. मालकाला जागेची गरज सिद्ध करता आली नाही. दुकान ताईकडेच राहील. मालकाने पावसाआधी छत दुरुस्त करायचं, आणि तेवढे दिवस ताईने माल हलवून जागा मोकळी करून द्यायची. मग मालकाकडे वळून, ताईशी बोलत होती त्याच आवाजात, त्याला सांगितलं की निकाल पटला नसेल तर अपील करता येईल, कुठे आणि किती दिवसांत तेही.

मी तर म्हणतो, यातच सगळं आलं. स्वतःच्या वस्तीच्या माणसाविरुद्ध निकाल दिला! दाखवायला. पक्षपाताचा याहून मोठा पुरावा कुठला?

बाहेर पायऱ्यांवर मालकाने मला गाठलं. हात जोडून म्हणाला, "वकीलसाहेब, एक विचारू का? अपील करावं म्हणतोय. तुम्ही आता ताईंचे वकील नाही. माझं वकीलपत्र घ्याल? या केसची खडान्‌खडा माहिती तुमच्याइतकी कुणाला आहे?"

वरच्या कोर्टात मी उभा आहे, आणि त्या बाईचा निकाल तिथले साहेब ओळीओळीने फिरवतायत, हे मला तिथल्या तिथे दिसलं. ताई त्यात कुठे दिसली नाही, खरंच सांगतो. मी म्हणालो, "कागद आणलेत का?"

त्याने जोडलेले हात खाली केले. मग ओशाळून, जणू चूक त्याचीच झाली, म्हणाला, "मी आपलं सहज विचारलं, साहेब. शनिवारी बाई म्हणाल्या, एका बाजूचा वकील त्याच भांडणात दुसरीकडून उभा राहू शकत नाही. मी म्हटलं, असं करतं तरी का कुणी? एवढंच. अपील-बिपील नाही करायचं मला." आणि भरभर पायऱ्या उतरून गेला.

मी वळलो तर मागे ताई उभी. हातात निकालाची प्रत. किती वेळ उभी होती, विचारायचं धाडस झालं नाही.

"मला दुकानापर्यंत सोड," ती म्हणाली.

गाडीत तिने निकालाची प्रत पुन्हा वाचून काढली. दुकानाशी उतरली, कुलूप काढलं. मी काच खाली करून विचारलं, "ताई, रविवारी जेवायला येतेस ना?"

ती म्हणाली, "बघते."